छावणीतून आलेले कागद

भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापन झाले, इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण उर्फ तात्यासाहेब मेहेंदळे हे त्याचे संस्थापक, आणि गणेश व्यंकटेश जोशी हे पहिले अध्यक्ष, इतका मजकूर मंडळाच्या कोणत्याही वृत्तात मिळण्याजोगा असल्याने तोच पुनरपि येथे नकलून देण्यात वाचकाचा कालापव्यय मात्र होईल. संस्थेचे चरित्र कोणी तिच्या इमारतीवरून सांगतो, कोणी देणगीदारांच्या यादीवरून, कोणी कार्यकारी मंडळातील फेरबदलांवरून. प्रस्तुत लेखात ते एका विशिष्ट जातीच्या कागदावरून सांगण्याचा विचार आहे. आणि तो कागद म्हणजे युद्ध चालू असता, त्याचा निकाल काय लागणार हे लिहिणारास ठाऊक नसता, छावणीतून अथवा छावणीकडे लिहिलेले पत्र. असे करण्यास सबळ कारण आहे. मंडळाचा जन्मच मुळी अशा पत्रांपोटी झाला.

मंडळ निघण्यापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १८९८ साली, राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वाई येथे हाती लागलेल्या कागदांतून निवडलेली, १७५० ते १७६१ या अवधीतील पत्रे त्यात होती, आणि त्यांतील पुष्कळशी पानिपतच्या मोहिमेविषयीची होती. तत्पूर्वी असा उद्योग महाराष्ट्रात झालाच नव्हता असे म्हणता येणार नाही. काशिनाथ नारायण साने प्रभृतींच्या ‘काव्येतिहास-संग्रहा’ने १८७८ पासून बखरींच्या जोडीने पत्रे व यादी छापल्या होत्या, आणि मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ नुकताच हाती घेतला होता. तथापि ज्या पराभवाची आठवण महाराष्ट्राने दीडशे वर्षे म्हणींत आणि पोवाड्यांत वागविली होती, त्या पराभवाकडे चालत जाणाऱ्या माणसांचे मनोगत त्यांच्याच शब्दांत, आदल्या महिन्याचे, आदल्या आठवड्याचे, वाचावयास मिळावे, हा अनुभव त्या पिढीस सर्वस्वी नवा होता. बखरीतला पानिपतचा संग्राम हा दैवाचा खेळ होता. पत्रांतला संग्राम हा धान्याचा, नावांचा, चाऱ्याचा आणि थकलेल्या वसुलाचा हिशेब निघाला.

या हिशेबाचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मंडळाने पुढे जी कार्यपद्धती अंगीकारली तिचे बीज त्यातच आहे. उदगीरच्या विजयानंतर १७६० च्या वसंतात सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले, तेव्हापासून त्यांचा गोविंदपंत बुंदेले यांच्याशी पत्रव्यवहार सुरू होतो. गोविंदपंत, मूळचे गोविंद बल्लाळ खेर, हे बुंदेलखंड व अंतर्वेदीकडील पेशव्यांचे मामलेदार. त्यांच्याकडून भाऊसाहेबांस तीन गोष्टी हव्या होत्या: यमुना उतरण्यासाठी इटाव्याकडे नावांचा जमाव, लष्कराच्या खर्चासाठी ऐवजाचा भरणा, आणि अब्दालीच्या पाठीमागील मुलुखात उपद्रव करून त्याची रसद तोडणे. पावसाळ्यात यमुना दुथडी भरून वाहू लागली आणि नावांचे काम मागे पडले, ऐवज येईना, आणि पत्रापत्रागणिक भाऊसाहेबांचा स्वर चढत गेलेला दिसतो. आधी आज्ञा, मग ताकीद, मग उपरोध, आणि अखेरीस ज्याच्याकडून काही होणार नाही असे वाटू लागले आहे त्यालाच पुन्हा निकडीने लिहिण्यावाचून गत्यंतर नसलेल्या धन्याचा त्रागा, अशा पायऱ्या या पत्रांत सलग उतरलेल्या आहेत. ऑगस्टात दिल्ली हस्तगत झाली, परंतु तेथे खजिना नव्हता. दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली, या कृत्यास पुढील काळात काहींनी लोभाचे, काहींनी उद्धटपणाचे नाव दिले. ज्याने त्याच महिन्यांतील पत्रे वाचली आहेत त्याला मात्र ते उपाशी सैन्याच्या सेनापतीचे कृत्य वाटल्यावाचून राहात नाही.

१७ ऑक्टोबर १७६० रोजी कुंजपुरा काबीज झाला आणि छावणीत धान्याची व पैशाची काही काळ तरी ददात मिटली. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊसाहेब व दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. येथून पुढे पत्रांच्या इतिहासात पालट होतो. रस्ता बंद झाला म्हणजे रसद जशी बंद होते तशी डाकही बंद होते. जासूद पकडले जातात, आडमार्गाने फिरतात, किंवा पोहोचतच नाहीत. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरातील पत्रे विरळ आहेत आणि त्यांची ही विरळताच त्या छावणीची स्थिती सांगते. मोडी अक्षराचा ज्यांना सराव आहे त्यांना घाईचे अक्षर आणि निवांत बैठकीचे अक्षर यांतील भेद लगेच उमगतो. छापील पुस्तकात तो नाहीसा होतो, आणि अस्सल कागद जतन करण्याचा आग्रह मंडळाने सुरुवातीपासून का धरला याचे हे एक कारण आहे.

युद्धकाळच्या पत्राचा आणखी एक विशेष येथे नमूद करणे अवश्य आहे. त्या काळच्या पत्रास लिहिल्याची तिथी असे, ती बहुधा मुसलमानी चंद्राची, आणि वर्ष शुहूर सनाचे: पानिपतचे वर्ष म्हणजे इहिदे सितैन मया व अलफ, अर्थात ११६१. परंतु काळजीपूर्वक ठेवलेल्या दप्तरात पत्र पावल्याची तिथीही पाठीवर टिपलेली असते. शांततेच्या दिवसांत ही दुसरी तिथी कारकुनी तपशिलाची बाब होय. युद्धात तीच मुख्य होऊन बसते, कारण कोणी काय केले याचा निवाडा, त्याला त्या दिवशी काय ठाऊक होते हे पाहिल्यावाचून करता येत नाही. लिहिल्याच्या आणि पावल्याच्या तिथीतील अंतर हेच कित्येकदा लढाईचे कारण किंवा पराभवाचे निमित्त असते. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री हाताशी घेऊन, चंद्रांची इंग्रजी तारखांशी सांगड घालीत, एकेका पत्राचे स्थान निश्चित करीत बसणे हे काम वरून रूक्ष दिसते. मंडळाच्या पहिल्या दोन पिढ्यांनी आपल्या आयुष्याचा केवढा भाग त्यात घातला याचा अंदाज मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंक चाळल्यावाचून यावयाचा नाही.

पेशव्यांच्या बाबतीत या अंतराचे दारुण उदाहरण घडले. पानिपतावर सैन्य उपासमारीस लागले होते त्याच डिसेंबरात, २७ तारखेस, नानासाहेब पेशव्यांचा द्वितीय विवाह पैठण येथे झाला. ही गोष्ट वाचून आजचा वाचक संतापतो, आणि संतापण्यास जागाही आहे. परंतु पेशव्यांच्या हाती तेव्हा कोणत्या तारखेची पत्रे होती हा प्रश्न विचारल्यावाचून तो संताप इतिहासाच्या कामाचा नाही. त्यानंतर ते उत्तरेकडे निघाले, आणि जानेवारीच्या चोविसाव्या तारखेस, भेलशाजवळ, एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती पडले. त्यात मोत्ये, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या भाषेत माणसांच्या हानीची बातमी दिलेली होती. ग्रँट डफने आपल्या इतिहासात ते उद्धृत केल्यापासून महाराष्ट्रात ते सर्वतोमुखी झाले आहे. सावकारी पत्रात असला संकेत योजण्याची तरतूद मुळातच असावी, कारण बातमी आधी फुटली तर हुंड्यांचे भाव कोसळतात. आणि म्हणून ज्या पत्रास आपण आज महाराष्ट्राच्या शोकाचे पत्र मानतो ते लिहिणारापुरते बहुशः पेढीच्या कामाचे पत्र होते.

राजवाड्यांनी १८९८ पासून पुढील दोन दशकांत या मालेचे बावीस खंड काढले, ते बव्हंशी स्वतःच्या पायपिटीवर आणि स्नेह्यांच्या मदतीवर. कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाले’चे साहाय्य त्यात विशेष होते. माळ्यावरचे रुमाल, देव्हाऱ्याखालच्या पेट्या, वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्याकरिता रवाना होऊ घातलेली बाडे, हे सर्व एकट्या माणसाने किती काळ वाचवावे? हा प्रश्नच मंडळाचे कारण ठरला. योगायोग असा की, मंडळाचे आरंभीचे बिऱ्हाड ज्या मेहेंदळ्यांच्या वाड्यात होते त्या घराण्याचे पानिपताशी रक्ताचे नाते होते. भाऊसाहेबांचे विश्वासू सरदार बळवंतराव गणपत मेहेंदळे हे ७ डिसेंबर १७६० च्या झुंजीत गोळी लागून पडले. पुण्याच्या ज्या चौकातून आज विद्यार्थी पुस्तके घेऊन जातात त्या चौकास ज्यांचे नाव आहे ते आप्पा बळवंत त्यांचेच पुत्र. पुढे मंडळ सदाशिव पेठेतील स्वतःच्या वास्तूत गेले. राजवाडे मात्र मंडळात फार काळ रमले नाहीत. संस्था काढणे आणि संस्थेत राहणे या दोन भिन्न कला आहेत, आणि दुसरी त्यांना अवगत नव्हती, असे त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचा अंत झाला.

त्यांनी घालून दिलेला दंडक मात्र टिकला. कागद छापावयाचा तो समग्र छापावयाचा, मायन्यापासून लेखनसीमेपर्यंत; आपणास निरुपयोगी वाटणारा मजकूर गाळण्याचा अधिकार संपादकास नाही. हा दंडक किती शहाणपणाचा होता ते कृ. वा. पुरंदरे यांनी संपादिलेल्या आणि मंडळाने १९२९ पासून तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या ‘पुरंदरे दप्तरा’वरून विशेष कळते. सासवडचे पुरंदरे हे पेशव्यांचे घरोब्याचे. नाना पुरंदरे स्वतः भाऊसाहेबांच्या लष्करात होते. अशा घराण्याच्या पत्रव्यवहारात सरकारी आणि खासगी यांच्यामध्ये भिंत नसते. एकाच कागदावर फौजेच्या मुक्कामाची बातमी, वडीलधाऱ्यांस नमस्कार, देण्याघेण्याचा तगादा आणि प्रकृतीची चौकशी एकामागून एक येतात, आणि त्यांचा क्रमही सूचक असतो. राजकारणाचा मजकूर तेवढा उचलून बाकीचे टाकून देणारा संपादक असता, तर छावणीतल्या माणसाला घराकडची ओढ होती, कर्जाची धास्ती होती, आणि तरीही तो शेवटपर्यंत हिशेब लिहीत होता, हे आपणास कधीच कळले नसते. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची संख्या फार आणि चिंताक्रांत गृहस्थांची फार थोडी असते. या दप्तराने ते प्रमाण थोडेसे सुधारले.

मंडळाच्या पाक्षिक सभा या कामाचे अंतरंग होते. नवा मिळालेला कागद सभेत वाचावयाचा, त्याची अस्सलता, तिथी आणि संदर्भ यांवर उपस्थितांनी शंका काढावयाच्या, आणि त्यातून निभावेल ते छापावयाचे. या सभांतील वाद कित्येकदा इतके तीक्ष्ण होत की, एखाद्या चंद्राच्या तारखेवरून दोन विद्वानांचे बोलणे बंद पडल्याच्या कथा पुण्यात अद्याप सांगतात. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी चिटणीसपदाची धुरा दीर्घकाळ वाहिली, आणि भिन्न स्वभावांच्या या मंडळींस एका छपराखाली राखण्याचे श्रेय बव्हंशी त्यांच्याकडे जाते.

याच शिस्तीने पुढे संस्थापकाच्याही एका मताची परीक्षा घेतली, आणि ती हकीकत स्मरणिकेत झाकून ठेवण्याचे कारण नाही. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी पानिपतच्या अपयशाचा मोठा वाटा गोविंदपंत बुंदेल्यांच्या आणि मल्हारराव होळकरांच्या माथी मारला. त्यांच्यासमोर भाऊसाहेबांची रागावलेली पत्रे होती, आणि रागावलेल्या माणसाचे पत्र हे साक्षीदाराचे पत्र मानण्याची चूक तीक्ष्णबुद्धीच्या माणसाकडूनही होते. गोविंदपंतांची बाजू इतर दप्तरांतील पत्रांवरून हळूहळू दिसू लागली: वसूल न देणारे जमीनदार, शत्रूच्या वाटेवरचा मुलूख, वृद्धापकाळ, आणि अखेरीस त्याच डिसेंबरात अब्दालीची रसद मारण्याच्या कामगिरीवर असता आलेले मरण. ज्याच्यावर कामचुकारीचा ठपका आहे तो त्याच कामावर असता पडावा, ही गोष्ट पत्रांच्या तारखा जुळविल्यावरच नीट ध्यानात येते. राजवाड्यांचा निकाल त्यामुळे पुष्कळ सौम्य करावा लागला. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी या मोहिमेवर आयुष्यभर चिंतन केले, रणभूमी स्वतः पाहिली, आणि आपला मराठी ग्रंथ द्विशताब्दीच्या वर्षी, १९६१ साली, प्रसिद्ध केला. तेथेही निवाड्याचा आधार पत्रेच आहेत.

पुण्यातच पेशव्यांचे मूळ दप्तर सरकारी इमारतीत बंद होते, आणि ते संशोधकांस खुले व्हावे म्हणून मंडळाच्या धुरीणांनी वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्या. ते उघडले तेव्हा निवडीचे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे गेले, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत पंचेचाळीस भाग बाहेर पडले. निवड कोणी करावी यावरून तेव्हा जी धुसफूस झाली तिचा तपशील येथे उगाळीत बसण्यात अर्थ नाही.

मराठी पत्रांवर विसंबून चालणार नाही, शत्रूच्या बाजूचे कागद शत्रूच्या भाषेत वाचले पाहिजेत, ही जाणीव मंडळास आली ती गणेश हरी खरे यांच्यामुळे. त्यांनी फारसीचा अभ्यास करून ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड १९३४ पासून प्रसिद्ध केले. या दृष्टीने कारीच्या जेधे देशमुखांचे कागद फार बोलके आहेत. त्यांच्याकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली मंडळाच्या संमेलनवृत्तात छापविली, आणि शिवचरित्राच्या कालक्रमास त्यामुळे पक्का पाया मिळाला, हे प्रसिद्धच आहे. परंतु अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६ जून १६५९ रोजी, अली आदिलशहाने कान्होजी जेध्यांस पाठविलेले फर्मान अधिक नवलाचे. खानास सामील व्हा, शिवाजीस आश्रय देणाऱ्यांचे पारिपत्य करा, अशी त्यात आज्ञा. कान्होजींनी ती मोडली आणि ते महाराजांच्या पायाशी राहिले. मोडलेल्या हुकुमाचा कागद कोणी जपून ठेवील काय? वतनदार ठेवतो. बादशाही शिक्क्याचा कागद, मग त्यातील मजकूर आपल्याविरुद्ध का असेना, कोणत्या तंट्यात कामी पडेल याचा नेम नसतो, हे त्या काळच्या प्रत्येक देशमुखास ठाऊक होते, आणि महाराष्ट्रातील युद्धकालीन पत्रे जगली ती देशाभिमानापेक्षा या सावधपणावरच अधिक.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत कागदावर सरकारी नियंत्रण आले, आणि छापखान्यांस कागद मिळविण्याकरिता खेटे घालावे लागत होते. अशा काळात, १९४५ साली, खरे यांनी संपादिलेल्या ‘हिंगणे दप्तरा’चा पहिला खंड मंडळाने काढला, दुसरा १९४७ साली निघाला. हिंगणे हे दिल्ली दरबारातील पेशव्यांचे वकील. महादेवभट हिंगण्यांपासून बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम या पुत्रांपर्यंत ते बादशहा, वजीर, रोहिले, जाट आणि राजपूत यांच्या हालचाली दक्षिणेत कळवीत राहिले. वकिलाचे पत्र हे शिपायाच्या पत्राहून निराळे: त्यात भीती असते, पण ती दरबारी भाषेच्या पडद्याआड, आणि स्वतःच्या थकलेल्या नेमणुकीची आठवण करून देण्यास तो सहसा विसरत नाही. राजधानी लुटली जात असताना खर्चास पैसे नाहीत म्हणून लिहिणाऱ्या या माणसांविषयी दोन मते होऊ शकतात, आणि मराठ्यांच्या उत्तरेकडील राजकारणात हिंगण्यांनी घराण्याचा फायदा किती पाहिला यावर कडक लिहिणारेही झाले आहेत. प्रस्तुत लेखकास वाटते की, हे कडक लिहिणे योग्य असले तरी वेळेवर पगार न पोचविणाऱ्या हुजुरासही त्यात वाटेकरी केले पाहिजे.

आज मंडळाच्या संग्रहात मोडी व फारसी मिळून सुमारे पंधरा लाख कागद आहेत असे सांगतात, आणि ते वाचावयाचे तर मोडीचा सराव करण्यावाचून उपाय नाही. ज्या वाचकास तूर्त छापील पुस्तकांवर भागवावयाचे असेल त्याने राजवाड्यांचा पहिला खंड, ‘पुरंदरे दप्तरा’चा पहिला भाग, आणि सरदेसायांच्या पेशवे दप्तरातील २, २१ व २७ हे भाग एकत्र मेजावर घ्यावेत, त्यांतील १७६० च्या मार्चपासूनची पत्रे पुस्तकांच्या क्रमाने न वाचता तारखांच्या क्रमाने वाचावीत, आणि पत्र कोठे व केव्हा पावले हे समजते तेथे ते समासात पेन्सिलीने टिपावे. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, या पानिपतच्या संग्रामाच्या तिथीपर्यंत येण्यास बरेच दिवस लागतील. बखरी आणि कादंबऱ्या त्यानंतर हव्या तर उघडाव्यात.